सव्वीस ग्रॅम

हात कोपरापर्यंत धुवावेत. अंगठी असल्यास काढावी.

खिळे किलोवर मिळतात, बिजागऱ्या नगावर.

निळं पाकीट निघालं तर आई. पांढरं निघालं तर पेटी.

संमतीपत्राची पानं सात, सह्या चार. बहुतेकांनी वाचलेलं पान: सह्यांचं.

तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ रडतं तेव्हा कुठेतरी एखादं दार तेलाला आलंय असं वाटतं. दार नसतं ते.

मोठ्या सरांना टाळ्या आवडत नाहीत. कमी पडल्या तर.

*

चिठ्ठ्या काढाव्यात तशी पाकिटं काढली, त्यात नऊ नंबरच्या काचपेटीतल्या बाळाचं पाकीट पांढरं निघालं. त्याच्या आईचं खिळे, स्क्रू, कड्या-कोयंड्यांचं दुकान, म्हणून वॉर्डात सगळे तिला खिळेवाली म्हणत. पांढऱ्या पाकिटाचा अर्थ तिला तक्तेवालीने समजावून सांगितला. तक्तेवाली म्हणजे अभ्यासाचे तक्ते भरणारी बाई. तिच्या कानामागे कायम पेन असे आणि दुसरं ती कायम शोधत असे.

"निळी बाळं रोज आठ तास आईच्या छातीवर. उघड्या अंगाला उघडं अंग. पांढरी बाळं पेटीत. आई दिवसातून एकदा वीस मिनिटं, या भोकातून हात घालणार. मग कुणाचं वजन जास्त वाढतं ते बघायचं."

"आईजवळचं वाढणार की," खिळेवाली म्हणाली.

"ते सिद्ध व्हायला हवं ना."

"कुठेच झालं नाही अजून?"

"जगात झालंय हो. आपल्या वॉर्डात नाही झालं."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरसा मागवला होता, त्याची चौकट बनत होती, आणि तोवर काकणाकडे बघायला मनाई होती.

खिळेवालीने अकरा दिवस भोकातून हात घातला. बाळाच्या पाठीवर तिची तीन बोटं मावत. चौथं बाहेर राही. विसावं मिनिट झालं की तक्तेवाली घसा साफ करी. शेजारी आठ नंबरची आई आरामखुर्चीत पसरलेली, गाऊनच्या आत बाळ, बाहेर फक्त पिवळी लोकरी टोपी. ती घोरायची सुद्धा. खिळेवालीला तिचं घोरणं सगळ्यात जास्त झोंबे.

बाराव्या दिवशी मोठे सर पाहुण्यांना घेऊन आले. त्यांच्यामागे चालणाऱ्यांची संख्या बघून ते किती खुश आहेत ते कळत असे. आज नऊ जण होते.

"निम्मी बाळं झाली, मधली तपासणी केली," सर म्हणाले. "निळा गट सव्वीस ग्रॅमने पुढे! आणि कधी? पहिल्याच दिवशी! पहिल्या दिवशी जी उडी मारली ती मारली."

पी हळद नि हो गोरी. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"सोमवारी समितीपुढे आकडे ठेवतो. एवढा स्पष्ट फायदा दिसत असताना बाकीच्या बाळांना वंचित ठेवणं नीतीला धरून नाही. मंगळवारपासून सगळ्यांना आई."

खिळेवालीने बोटांवर मोजलं. शुक्र, शनि, रवि, सोम. बाहेर बाकावर नणंद डबा घेऊन बसली होती. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "तोवर तोंडाला कुलूप लाव. तुझं काही खरं नाही. गिऱ्हाईकाने दर विचारला की तू खिळ्याला गंज कधी चढेल तेही सांगतेस."

"इथे काय सांगणार मी?"

"ते मला काय माहीत? तू शोधून काढशील."

*

शनिवारी सकाळी वजनं होती. सिस्टरने आठ नंबरचं बाळ आईच्या गाऊनमधून अलगद काढलं, लंगोट सोडून काट्यावर ठेवलं, आकडा वाचला. तक्तेवालीने लिहिला. मग सिस्टरने नऊ नंबर उघडली, बाळाचा लंगोट सोडला, नळी एका हाताने वर धरली, बाळ ठेवलं, आकडा वाचला.

खिळेवाली काट्याच्या अलीकडे उभी होती. वीस वर्षं ती काट्याच्या पलीकडेच उभी राहिलेली. काही गोष्टी डोक्यापर्यंत न जाताच तोंडातून येतात.

"टोपीसकट तोलता?"

सिस्टरचा हात थांबला.

"त्याला टोपीसकट तोललंत. माझं नागडं. आम्ही डबा आधी तोलतो, मग खिळे टाकतो."

"निळ्यांची टोपी काढायची नाही," तक्तेवाली म्हणाली. "पेटीबाहेर राहतात ना, डोकं गार पडतं. नियमात आहे. पान चार."

"मग टोपी वजा करता?"

तक्तेवालीने कानामागचं पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. "अभ्यासात घ्यायच्या आधीच्या वजनाला टोपी नसते," ती स्वतःशीच म्हणाली. "घेतलं की लगेच..."

कपाटात नव्या टोप्यांचा गठ्ठा होता. तिने एक काट्यावर ठेवली. आकडा दोनदा लुकलुकला नि थांबला. सव्वीस.

 तक्तेवाली सरांच्या खोलीकडे पळाली.

सिस्टर बाळाला लंगोट बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण मंगळवार यायला हवा होता, बाई."

*

नणंद बाहेर म्हणाली, "बघ. शोधून काढलंस."

"खोटं वजन दिसलं तर गप्प बसू?"

"दोन दिवस! दोन दिवस गप्प बसली असतीस तर बाळ मांडीवर असतं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा, तोही वजन करून."

खिळेवाली रडली नाही. नणंदेचा डबा उघडून तिने पोळी खाल्ली, पण नुसतीच.

*

सरांचा निर्णय दुपारी आला. चूक झाली असं त्यात कुठेही नव्हतं. 'दोन्ही गटांत एकसारखेपणा आणण्यासाठी' यापुढे पेटीतल्या बाळांनाही टोपी घालावी. जुने आकडे बाजूला ठेवावेत. अभ्यास पहिल्या बाळापासून पुन्हा. कालावधी: सात महिने.

आजार म्हशीला, औषध पखालीला. उबदार काचपेटीत, जिथे गरम हवेची सोय आधीच होती, तिथे नऊ नंबरच्या डोक्यावर पिवळी टोपी आली. ती नाकापर्यंत उतरली. बाळाने तोंड वेडावाकडं केलं. मोठं झाल्यावर हे मत ते नीट मांडील.

"छान दिसतंय," तक्तेवाली म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तिला ते लिहायला जागा नव्हती.

"मी यातून बाहेर पडले तर?" खिळेवालीने विचारलं.

"पडता येतं. कधीही. पान सहा. पण फायदा नाही हो. बाहेर पडलेल्यांना वॉर्डाची नेहमीची देखभाल. म्हणजे पेटी आणि वीस मिनिटं. तेच."

"वीस मिनिटं कोण मोजणार?"

"मीच."

"माझ्या बाळाचा तक्ता नसला तरी?"

तक्तेवालीने पान उलटलं, पुन्हा सुलटलं. "तक्ता नसेल तर... नाही. मी फक्त तक्त्यातली मोजते."

"आणि एकविसावं मिनिट कुठे लिहाल?"

"कुठेच नाही. रकानाच नाही."

पेटीशी उभी असलेली सिस्टरसुद्धा त्या नसलेल्या रकान्याकडे बघायला वळली. मग खिळेवालीने पेन मागितलं आणि तक्तेवालीने, पहिल्यांदाच, लगेच दिलं. बाहेर पडायच्या कागदावर सही झाल्यावर तक्तेवालीने पेटीवरचा अभ्यासाच्या क्रमांकाचा कागद नखाने उकलून काढला.

"माझी जेवायची वेळ झाली," ती म्हणाली आणि गेली. पावणेचार वाजले होते.

सिस्टरने बाळाच्या श्वासाचे आकडे बघितले, एकदा, दोनदा. "दोन दिवस झाले, हा पठ्ठ्या आपला आपण नीट श्वास घेतोय. बस इथे. बटणं सोड. नळी माझ्याकडे. घाबरलीस?"

"हो."

"बरं आहे. घाबरलेली हलत नाही."

तिने बाळ ठेवलं. खिळेवालीची दहाही बोटं त्याच्या पाठीवर आली, एकमेकांवर चढली, आणि तरी तिला ती कमीच वाटली. बाळ थोडं वळवळलं, एक गाल तिच्या हाडाशी टेकवला आणि दार वाजावं तसं एकदा वाजून गप्प झालं.

पाच वाजता मोठे सर आले. मागे चौघेच होते.

"ही कुठल्या गटात?"

"कुठल्याच नाही सर," सिस्टर म्हणाली.

"मग थांबायचं कारण नाही," सर म्हणाले आणि दहा नंबरकडे वळले.

*

सात वर्षांपूर्वी याच वॉर्डात सहा दिवस वीज नव्हती. तेव्हा पेट्यांमधली अकरा बाळं मोठ्या सरांच्याच सांगण्यावरून आयांच्या छातीवर ठेवली होती, आणि अकराही घरी गेली.