बारा इंची पंखा

मी बनवलेल्या विमानाच्या लहानग्या इंजिनाला दहा इंची पंखा मोजून बसवला होता. आखाडा बाळापूरला कूलर दुरुस्त करणाऱ्या बाबूसिंगमामानं मला न विचारता तो काढून बारा इंची लावला आणि इंजिन चालू केलं. "मोठा पंखा जास्त ओढतो, निलम," वर मलाच शिकवून राहिला! इंजिन कण्हलं, तापलं आणि कायमचं जाम झालं.

मी तडक त्याच्या दुकानात गेले. त्याच्या स्वतःच्या कूलरचा पंखा काढला, चार इंच मोठा चढवला आणि बटणाकडे हात नेला.

"अगं, मोटर जळंल!" मामा धावला.

"मंग माझ्या इंजिनाच्या वेळी हे काहून न्हाई आठवलं?"

"ते तर खेळणं होतं, पोरी."

मी बटण दाबलं.