बिनपायांचा पोळपाट

मित्रांनो, मी एक जुना पोळपाट आहे. ज्या वर्षी डाहीबेनच्या मुलाची, रमणची, सहाव्या दिवसाची छठी पुजली, त्या वर्षी मी घडलो. वावटळीत शेताच्या बांधावरचे रायणीचे झाड पडले होते. डाहीबेनच्या सासऱ्यांनी त्यातला एक जाड तुकडा खांद्यावर टाकून छोटालाल सुताराकडे नेला आणि म्हणाले, "सूनबाई पापड लाटायला बसणार म्हणते. तिच्या मापाचा पोळपाट करून दे."

छोटालाल तेव्हा नवा होता, मिशीही पुरती फुटली नव्हती. त्याने डाहीबेनला ओट्यावर मांडी घालून बसवले आणि सुतळीने जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतले. डाहीबेन उंच बाई. बसक्या पोळपाटावर वाकून लाटत राहिली तर हिची पाठ जाईल, असे त्याचे म्हणणे पडले. म्हणून मला तीन पाय मिळाले ते चांगले वीतभर उंचीचे. आसपासच्या कोणाच्याही पोळपाटाला एवढे पाय नव्हते.

आमचे गाव गुजरातेत, चरोतरात, नडियादपासून जवळ. गल्लीत घरोघर उडदाचे पापड लाटतात. डाहीबेनच्या ओट्यावर चौघी बसत. समोरच्या घरातली चंचळबेन अंगाने काटकुळी आणि जिभेने तिखट होती. सूरजबेन चौघींत वयाने मोठी, हातात माळ आणि मनात सतत काहीतरी धास्ती. चौथी मरियमबेन, चर्चच्या बाजूला राहणारी. रविवारी ती प्रार्थनेला जाई, म्हणून बाकीच्या तिघीही रविवारी लाटायला बसत नसत. असा नियम कोणी केला नव्हता, पण तो कधी मोडला नाही.

पापडाचे पीठ भिजवून, कुटून, तेलाचा हात लावून लाट्या पाडायच्या आणि रेघांच्या लाटण्याने लाटायच्या. वर्षानुवर्षे ते लाटणे फिरून माझे तोंड आरशासारखे गुळगुळीत झाले. नडियादचा व्यापारी माल न्यायला आला की डाहीबेनचा पापड उन्हाकडे धरी आणि इतर बायांना म्हणे, "बघा, समोरच्या लिंबाची पानं दिसतात यातून. पापड असा पाहिजे." डाहीबेन मान वर न करता लाटत राही. मला मात्र तिच्या हाताच्या वजनात पडलेला फरक कळे. त्या दिवशी ती हलक्या हाताने लाटी.

सासरे गेले. रमण मोठा झाला, दूध डेअरीच्या गाडीवर लागला. त्याचे लग्न होऊन हंसा घरात आली. आणि मग डाहीबेनचा उजवा खुबा दुखू लागला.

आधी नुसते उठताना दुखे. ती माझ्यावर हात टेकून, दात आवळून उठायची आणि म्हणायची, "वाताचं आहे." वाळूच्या पुरचुंडीने शेकून झाले, तेल चोळून झाले. पुढे तिला सरळ बसवेना. उजव्या बाजूवरचा भार काढून ती डावीकडे कलून बसू लागली. मी सपाट होतो, लाटणारीच कलली होती. त्यामुळे पापड एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड येऊ लागला. हे सगळ्यांत आधी मला कळले.

मैत्रिणींनाही कळले होते. "आण इकडे, मी वाळत घालते," असे म्हणून चंचळबेन डाहीबेनचे पापड उचली आणि पलीकडच्या ओट्यावर नेऊन जाड कडेवर पुन्हा लाटणे फिरवी. मरियमबेनही तेच करी. डोळ्यांना नीट दिसत नसूनही सूरजबेन करी. डाहीबेनला कोणी बोलले नाही. तिला वाईट वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

शेवटी रमणने तिला नडियादला मोठ्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने फोटो काढून दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो बसतो ती वाटी, दोन्ही झिजून गेली होती. बदलल्याशिवाय इलाज नव्हता. बदलल्यावर चालता येईल, जिना चढता येईल, रात्री झोप लागेल. फक्त यापुढे जमिनीवर मांडी घालायची नाही आणि उकिडवे बसायचे नाही. कायमचे. डाहीबेनने यातले शेवटचे तेवढे ऐकले.

"मग करायचं काय मी?" दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती म्हणाली. "खाटेवर बसून तुमचे पापड मोजू?"

"तुला वीसच्या पुढं मोजता येतं कुठं!" चंचळबेन म्हणाली.

सूरजबेनने माळ थांबवली. "मी तर म्हणते, कापाकापी नकोच. माझे दीर गेले होते ना आणंदला. चालत गेले आणि चौघांच्या खांद्यावर आले."

"तुमचे दीर नव्वदीला टेकले होते, सूरजबेन, आणि त्यांचं काळजाचं दुखणं होतं. हिचा खुबा काळजात आहे का? तुम्ही आपली माळ ओढा."

मरियमबेन वाद घालणारी नव्हे. तिच्या नणंदेचा खुबा आणंदला बदललेला होता. ती डाहीबेनला तिथे घेऊन गेली. नणंदबाई मोठ्या हौशी. जिना चढून दाखवला, उतरून दाखवला, दार लावून टाक्यांचा व्रण दाखवला. परत आल्यावर मरियमबेन मोठ्या आशेने म्हणाली, "बघितलंस ना? कशी हरणासारखी चालते!"

"बघितलं," डाहीबेन म्हणाली. "घरातले सगळे खाली बसून जेवत होते. आणि ती कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन. पाहुण्यासारखी."

असे महिने गेले. डाहीबेन दारापर्यंत भिंत धरून जाऊ लागली. रात्री हंसाला उठवावे लागे. तरी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसे. "बसल्यावर मला काही होत नाही," हे तिचे ठरलेले बोलणे. "बसून लाटता येतंय तोवर मला कशाला हात लावू देऊ?"

नवरात्राच्या आधी चंचळबेनला ते सहन होईना. तिने नुकताच लाटलेला एक पापड उचलला आणि डाहीबेनच्या हातात दिला. "धर उन्हाकडे."

डाहीबेनने धरला. अर्ध्या पापडातून ऊन येत होते, अर्ध्यातून येत नव्हते.

"हा कोणी लाटला?"

"तू."

"एखादा होतो असा."

"एखादा नाही, डाही. होळीपासून सगळे असेच आहेत. आम्ही तिघी मागून परत लाटतो."

सूरजबेन खाली बघत बसली. डाहीबेनचा चेहरा लाल झाला. "माझ्या पापडावर लाटणं फिरवता? आणि तोंडावर सांगायला काय झालं होतं? मी काय तुमच्या दारात भीक मागायला बसले होते?" तिने मला उचलून घरात नेले आणि तोंड भिंतीकडे करून उभे केले. पुढचे काही दिवस आमच्या ओट्यावर पापड झाले नाहीत.

एका सकाळी चंचळबेन डाळ-तांदळाच्या गरम हांडव्याची ताटली घेऊन आली आणि खाटेच्या काठावर बसली. माफी मागणे तिच्या स्वभावात नव्हते. ती म्हणाली, "ज्या बैठकीसाठी तू दुखणं सोसते आहेस ना, ती बैठक गेली. कधीचीच गेली. आता पाय तरी राख."

डाहीबेन बराच वेळ हांडव्याचा तुकडा चिवडत राहिली. मग म्हणाली, "भीती वाटते गं."

"वाटू दे. तू आत भी, आम्ही बाहेर भितो. मी काय सोडून जाणार आहे तुला?"

अशी ती तयार झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण नंतर ओट्यावर ती हकिकत इतक्यांदा सांगितली गेली की मला पाठ आहे. रमणने आईला डेअरीच्या गाडीतून नेले आणि मागून या तिघी छकड्यात बसून गेल्या. दवाखान्याचा रखवालदार म्हणाला, पेशंटबरोबर एकालाच थांबता येईल. चंचळबेन म्हणाली, "आम्ही तिघी मिळून एकच आहोत, भाऊ. वजन करून बघ." त्याने हसून सोडले. आत काम चालू होते तोवर बाकावर एका टोकाला सूरजबेन माळ ओढत होती आणि दुसऱ्या टोकाला मरियमबेन तिची माळ ओढत होती. मध्ये चंचळबेन बसली होती. तिला कुठलीच माळ येत नव्हती, म्हणून ती दोघींचे गुडघे धरून बसली.

दुसऱ्या दिवशी डाहीबेनला उभे केले तेव्हा तिने चालायची चौकट हातात घट्ट धरली आणि पाऊल उचलेना. चंचळबेन खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी शिऱ्याची वाटी घेऊन उभी राहिली. "ये इथवर. नाही आलीस तर तुझ्यासमोर सगळा खाते बघ." डाहीबेन शिव्या देत देत तिथवर गेली.

इकडे मी कोपऱ्यात पडून होतो. माझ्या पायांच्या फटींत पीठ वाळून बसले होते आणि हंसाने माझ्यावर तेलाचा डबा ठेवला होता. तिचाही दोष नाही, तिला तेव्हा दम घ्यायला वेळ नव्हता.

डाहीबेन घरी आली. दुखणे खरोखर गेले होते. ती रात्रभर झोपू लागली, पाणवठ्याच्या वळणापर्यंत चालू लागली. पापडांचे काम पुन्हा सुरू झाले. तिघी खाली आपापल्या पोळपाटांसमोर आणि डाहीबेन उंच खुर्चीवर, लाट्या पाडायला. "आली बघा फौजदारीण देखरेखीला," असे चंचळबेन म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. डाहीबेनही हसायची. पण लाट्या लवकर संपत, आणि मग ती हात मांडीवर ठेवून खाली बघत राही. खालचे बोलणे वर नीट ऐकू येत नसे. चौथी जागा रिकामीच होती.

एके दुपारी घरात कोणी नव्हते. डाहीबेनने तेलाचा डबा बाजूला केला, मला ओट्यावर आणले आणि जुन्या जागी ठेवले. मग एका हाताने दाराची चौकट धरून ती खाली बसू लागली. नवा गोळा वाटीतून निसटेल, पुन्हा सगळे उघडावे लागेल, हे डॉक्टरने तिला बजावले होते. तरी ती वाकत होती. तिचा दुसरा हात माझ्या कडेपर्यंत पोचला तेवढ्यात वैरण घेऊन हंसा आली. तिने भारा तिथेच टाकला आणि सासूला मागून कव घालून उभे केले. मग दोघीही रडू लागल्या.

"बा," हंसा सासूला म्हणाली, "परत ते सगळं करायचं आहे का?"

"एकदाच बसून बघणार होते," डाहीबेन म्हणाली.

हंसाने हे संध्याकाळी तिघींना सांगितले. दुसऱ्या दिवशी मरियमबेन चर्चच्या जेवणावळीचे एक जुने लांब टेबल हातगाडीवर घालून घेऊन आली. चार घरांतून चार खुर्च्या आल्या, चारही वेगवेगळ्या उंचीच्या. चौघी टेबलाभोवती बसल्या आणि पोळपाट मांडले. आता दुसरीच अडचण झाली. टेबल, त्यावर माझे वीतभर पाय, त्यावर मी. लाटताना डाहीबेनचे खांदे कानाला लागू लागले.

छोटालालला बोलावले. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने पुन्हा सुतळीने कोपराचे माप घेतले आणि म्हणाला, "याचे पाय काढावे लागतील. काढले की मग खाली बसून लाटायला हा कामाचा नाही."

"हिला खाली बसायचंच नाही," चंचळबेन म्हणाली. "काढ. आणि माझ्याही पोळपाटाचे काढ."

"माझे पण," मरियमबेन म्हणाली.

"तुमची कशाला नासाडी करता?" डाहीबेन म्हणाली. "तुमचे खुबे शाबूत आहेत. चार दिवस वर बसाल, मग पाठ दुखली की खाली जाल."

"म्हणूनच काढते आहे," चंचळबेन म्हणाली.

सूरजबेनचा पोळपाट तिच्या आईने लग्नात दिलेला होता. ती त्याच्यावरून पदर फिरवत राहिली. मग तिने तो छोटालालपुढे सरकवला. "सरळ काप रे बाबा. वाकडा झाला तर तुला बघून घेईन."

मित्रांनो, लाकडाला दुखत नाही असे लोक म्हणतात. करवत फिरताना मला काय वाटले ते मी सांगत बसत नाही. कापलेले पाय चुलीत गेले आणि त्यांच्यावर त्याच संध्याकाळी चौघींचा चहा झाला. मी प्रथमच पोटावर सपाट टेकलो. डाहीबेनने लाटी ठेवली, लाटणे फिरवले, आणि पापड उचलून चंचळबेनकडे दिला. चंचळबेनने तो उन्हाकडे धरून चारी बाजूंनी फिरवला.

"बरा आहे," ती म्हणाली. "लाट पुढचा."

त्या टेबलावर चौघींनी बरीच वर्षे पापड लाटले. चंचळबेन अचानक गेली तेव्हा तिच्या घरात बाया रिवाजाप्रमाणे जमिनीवर बसल्या होत्या. डाहीबेन भिंतीला टेकून उभी होती. मरियमबेन बाहेर जाऊन तीन खुर्च्या घेऊन आली, आणि तिघी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून रडल्या.

आता मी हंसाच्या स्वयंपाकघरात आहे. ती उभी राहून माझ्यावर पोळ्या लाटते. माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. पोळपाट ओला ठेवू नका, पुसून उभा करा, त्याच्यावर डबे रचू नका. आणि तुमच्या घरात कोणाला खाली बसता येईनासे झाले, तर त्या माणसाला कोपऱ्यात एक खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. तुम्हीही वर बसा. पाठ थोडी दुखेल, सवय होते.

चंचळबेन तीन वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी वारली. डाहीबेन यंदा चैत्रात, रामनवमीनंतरच्या मंगळवारी सकाळी वारली.