रेजी की ओलं शेपूट

पुढं आखूड, मागं मानेवर लांब, अशा केसांना ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या आमच्या काठावर 'रेजी' म्हणतात. रेजी माझा काका, गावाचा फुटबॉलपटू; ते केस मूळ त्याचे. पलीकडच्या गावात त्याच कटाला 'ओलं शेपूट' म्हणतात, कारण फायनलमध्ये अगदी समोरचा गोल चुकवून काका रागाच्या भरात बुटांसकट नदीत उतरला आणि मागचे केस निथळत बाहेर आला होता. पुढं काका वारला. त्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा पुलावर कुणीतरी ते नाव घेऊन हसलं. तेव्हापासून माझ्या बाबानं पूल ओलांडलेला नाही. आणि मी प्रेमात पडले ती पलीकडच्या डार्सी नावाच्या पोराच्या. अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

लग्न शनिवारी, तिकडच्या चर्चमध्ये. बाबा म्हणाला, "खुशाल कर. मी येणार नाही." मी भांडले, रडले, अबोला धरला. बाबा ढिम्म.

गुरुवारी डार्सी आपणहून बाबाच्या सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसला. मी शेजारच्या खुर्चीवर एका म्हाताऱ्याची दाढी करत होते. माझा हात थांबला.

"काय करू?" बाबानं विचारलं.

"रेजी करा, नॉर्मकाका."

"लाडीगोडी नको. तुमच्याकडं काय म्हणतात ते सांग."

मी आरशातून डार्सीला डोळ्यांनी नको नको म्हटलं.

"ओलं शेपूट," तो म्हणाला.

मेला, म्हटलं. बाबाच्या हातात वस्तरा होता.

"नाव चिडवायलाच ठेवलं, काका. पण चिडवता चिडवता सगळ्यांनी तसेच केस वाढवले. माझ्या बापानं तर अजून काढले नाहीत. म्हणतो, गोल कुणाचाही चुकतो, पण रेजीसारखा खेळ पुन्हा पाहिला नाही."

"ब्रायन? त्या टकल्याच्या डोक्यावर रेजी?"

"पुढं टक्कल, मागं रेजी. आणि आमचा न्हावी फार वाकडं कापतो."

"मान खाली घाल," बाबा म्हणाला. वस्तरा ठेवून त्यानं कात्री उचलली.

शनिवारी मी पांढऱ्या झग्यात चर्चच्या दारात एकटी उभी होते. सगळे आत बसलेले. नवरीला बापानं हाताला धरून आत न्यायचं असतं. शेवटी एकटीच आत निघणार, तोच बाबा आणि ब्रायन धापा टाकत आले. ब्रायनचे मानेवरचे केस नुकतेच सरळ कापलेले होते. बाबा सकाळीच कात्री घेऊन पूल ओलांडून त्याच्या घरी गेला होता, आणि तिथं शेजारपाजारच्या पुरुषांची रांग लागली होती.

"इकडं किती रेजी आहेत गं, पोरी," बाबा म्हणाला आणि रडायलाच लागला. मलाही आवरेना.

त्याच्या कोटावर पलीकडच्या गावाचे केस पडले होते. तो झटकायला लागला.

"राहू दे, बाबा," मी त्याचा हात धरला. "चल."