काखेतली गाठ

खाजेची गोळी घेतली की सुगंधाला दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसायचा. कट्टा गावापासून आत असलेल्या वाडीत, ओसरीवर पडल्या पडल्या तिला काजूच्या झाडांची सावली हळूहळू सरकताना दिसे. सत्यवानाची, तिच्या नवऱ्याची, हाक कुठूनतरी लांबून यायची.

अंगाची लाही सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. घरचे काजू सोलताना टरफलाच्या तेलाने आधी हात पोळले आणि मग सगळ्या अंगावर ते पसरलं. कातडी लाल, जाड झाली. उठली की अंथरुणात कोंडा पडलेला असे. लग्नकार्याला जाणं, हातात काकणं भरणं तिने केव्हाच सोडलं होतं.

एका दुपारी न्हाताना काखेत गाठ लागली. काजूच्या बीएवढी, हाताखाली सरकणारी. जांघेतही एक होती. थोरली बहीण कावेरी अशाच गाठीनंतर गेली होती. सुगंधा कोणाला काही बोलली नाही. त्या दिवसापासून गुंगीत कावेरी यायला लागली. पायथ्याशी बसून अबोलीच्या फुलांचा वळेसर गुंफायची. बोलायची मात्र नाही.

सत्यवानाला कळलं ते ती दोरीवर कपडे टाकताना हात वर घेईना तेव्हा.

"सांगलंस कित्याक नाय माका?"

"तुमी भियाल म्हणान."

तो खरंच भ्याला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला तालुक्याला नेलं. सर्जनने काखेतली गाठ काढून तपासायला पाठवली. अहवालाला आठवडा लागणार होता.

त्या आठवड्यात ती एकदा म्हणाली, "तोंडवलीक जावया." समुद्र पाहून तिला वर्षं झाली होती. सुरूच्या बनाखाली वाळूवर तिने तोंडाभोवतीची ओढणी सोडली. तिथे तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. वारा अंगाला लागला, डोळे मिटले. लाटांतून कावेरी वर आली, लुगडं पिळत.

"माका न्हेऊक इलंस काय गो?" सुगंधाने विचारलं.

कावेरीने मान हलवली, नाही म्हणून, आणि ती किनाऱ्याने चालत गेली.

जाग आली तेव्हा सत्यवान तिच्यावर छत्री धरून बसला होता. त्याचा अर्धा चेहरा उन्हात होता. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तू नसलंस तर माका घरात पाय घालूक होवचा नाय." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अहवालाआधी प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. डॉक्टर भार्गवी, गाठ तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट, तरुण होत्या. त्यांनी आधी सुगंधाची पाठ, हात, पाय नीट पाहिले.

"सर्जनच्या चिठ्ठीवर कातडीच्या आजाराचं लिहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "गाठीत जे दिसलं त्यावरून मला संशय आला. घाबरू नका. कॅन्सर नाही, टीबीही नाही. जादा चाचणी केली, तीही स्वच्छ आली."

"मग गाठ कित्याक इली?" सत्यवानाने विचारलं.

"कातडी सतत सुजलेली, खाजवलेली. तिच्यातले रंगाचे कण सुटतात. पेशी ते उचलून जवळच्या गाठीत नेतात. गाठ गाळणीसारखी असते, काम वाढलं की सुजते. कातडी बरी झाली की जांघेतली गाठही उतरेल." मग त्यांनी सुगंधाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "बघायचंय?"

गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात फिकट, मऊ बेटं होती. त्यांत बारीक तपकिरी कण विखुरलेले.

"ह्यो माझो रंग?"

"तुमचाच."

सुगंधा बराच वेळ डोळा काढेना. "खंय गेलो म्हणान इतकी वर्सां शोधी होतंय," ती पुटपुटली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

त्वचेच्या डॉक्टरांनी मलमं दिली, प्रकाशाचे उपचार सुरू केले. काजूच्या टरफलाला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. काजू सोलायचं काम सत्यवानाने अंगावर घेतलं. श्रावण सरता सरता जांघेतली गाठ हाताला लागेनाशी झाली. गुंगीची गोळीही सुटली आणि कावेरी यायची थांबली. त्याचं सुगंधाला थोडं वाईट वाटलं.

गणपतीच्या आधी ती एकटीच कट्ट्याच्या बाजारात गेली. कासारणीने तिचा हात हातात घेतला, दाबून पाहिला, आणि एकेक हिरवं काकण हळूच चढवायला लागली.