दोन माणसांची गाडी

गाडीत जागा दोघांचीच, म्हणून ऑरिन लास्की मागे राहिला. गाडी विकत घ्यायला आलेल्या डेल स्प्रेगने चावी फिरवली, त्याची बायको कॉनी शेजारी बसली आणि बिनछपराची किरमिजी रोडस्टर लिंबांच्या बागांमधून घाटाकडे निघाली.

"ओहाय गावापर्यंत जाऊन येतो, मिस्टर लास्की," डेल ओरडला. "पळून नाही जात!"

ऑरिन हसला. युद्धावरून परतल्यावर त्याने फोर्डचा बत्तीस सालचा गंजका सांगाडा आणून ही गाडी उभी केली होती. मडगार्ड काढून टाकले, काच बुटकी केली, इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून विकतोय, असं तो सगळ्या सांता पॉला गावाला सांगत होता. गुडघे ठणठणीत होते. बिघडले होते डोळे. ज्या वस्तूकडे बघावं तिच्या नेमक्या मधोमध राखाडी डाग यायचा, आणि हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, व्हर्डालाही नाही.

गॅरेजमध्ये येऊन तो कामाचं टेबल पुसू लागला, तर हाताला काहीतरी बारीक लागलं. त्याने चाचपून पाहिलं. कॉटर पिन. कोरी, दोन्ही पाय सरळ असलेली.

गेल्याच आठवड्यात त्याने स्टीअरिंगचे दोन्ही बाजूंचे सांधे उघडून ग्रीस भरलं होतं. नट सुटू नये म्हणून त्यात घालायची पिन ही. ती इथे असेल, तर तिथे काय आहे? घाटातल्या चार वळणांत नट गळून पडेल आणि स्टीअरिंग नुसतंच हातात फिरत राहील.

"व्हर्डा! ट्रक काढ!"

व्हर्डा जर्दाळूच्या मुरंब्याचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"तू चालव. ओहायचा घाट. चल, चल!"

रस्त्याला लागल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. पिनचं आणि डोळ्यांचंही. "मला दिसत नाही गं. दोन वर्षं झाली."

"माहितेय मला," व्हर्डा म्हणाली.

"काय माहितेय?"

"सगळं. कॉफी कपाबाहेर ओततोस, ते काय मला दिसत नाही? तू दुपारी झोपलास की मी गाडीखाली जाऊन तुझं काम तपासते. पिन नव्हतीच. मी डब्यातली दुसरी घातली."

ऑरिनला हायसं वाटलं, पण क्षणभरच. "कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"आणि डाव्या?"

व्हर्डाने गिअर बदलला. "डावीकडे पाहिलं होतं मी. बहुतेक पाहिलं होतं. तेवढ्यात फोन वाजला, ऑरिन. आता मला आठवत नाही."

घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर ऑरिन खिडकीतून दरीकडे मान वळवायचा आणि त्याला फक्त उजेड आणि डाग दिसायचा.

"खाली काही दिसतंय का गं?"

"झाडं."

"नीट बघ."

"झाडंच आहेत रे. ओकची झाडं."

घाटमाथ्यावरच्या मोकळ्या जागेत व्हर्डाने करकचून ब्रेक दाबला. रोडस्टर उभी होती. आत कोणी नव्हतं. व्हर्डाने ऑरिनचा दंड घट्ट धरला. तेवढ्यात पलीकडच्या कठड्यावरून कॉनीचं हसणं ऐकू आलं. नवराबायको पाय सोडून दरी बघत बसले होते.

ऑरिन गाडीखाली पाठीवर सरपटला. तिथे त्याला डोळ्यांची गरज नव्हती. बोटं उजव्या सांध्यावरून डाव्या सांध्याकडे गेली. पिन होती. तीही नवी, उजवीसारखीच दोन्ही पाय मागे वळवून नटावर चापून बसवलेली. तो तसाच पडून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत होतं.

"मिस्टर लास्की? बरे आहात ना?" डेल शेजारी वाकला.

ऑरिनने पडल्या पडल्याच त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. "आता नको असेल गाडी, तर नको म्हण. मी रागावणार नाही."

डेल स्वतः खाली शिरला आणि दोन्ही बाजू निरखून पाहून आला. "या पिना कोणी बसवल्या?"

"मी," व्हर्डा म्हणाली. "डावीसुद्धा, आता आठवलं."

"मग गाडी मी तुमच्याकडून घेतो, मिसेस लास्की. यांच्याकडून नाही."

"ऐकलंस?" व्हर्डा नवऱ्याला म्हणाली. "सव्वीस वर्षं मला एकदाही चालवायला दिली नाहीस!"

कॉनी पोट धरून हसली आणि स्वतःहून ट्रककडे निघाली. "मी येते मिस्टर लास्कींबरोबर. डेल, तू ट्रक चालव. मिसेस लास्कींना चालवू दे ती गाडी."

उतरताना व्हर्डा पुढे होती. तिची पांढरी वेणी वाऱ्यावर उडतेय, असं कॉनीने ऑरिनला सांगितलं. वळणं ती जरा जास्तच जोरात घेतेय, असंही सांगितलं.

"घेऊ दे," ऑरिन म्हणाला. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. व्हर्डाला सोबत घेऊनच. त्याने टोपी चेहऱ्यावर ओढली, मान मागे टेकली आणि घाट संपायच्या आत तो चक्क घोरायला लागला.