सापडल्याचे ठिकाण

सुमंत सरांच्या हाताला करड्याचे दात लागले, त्याला कारण एवढंच झालं की ते नानासोंच्या घोंगडीवर बसले. सगळ्या सोसायटीत नानासोंशी दोन शब्द बोलणारा तो एकच माणूस. बाकीचे लोक पार्किंगमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला वळसा घालून लिफ्टकडे जायचे. त्या दिवशी सरांना काय वाटलं कोण जाणे, खुर्ची मागायच्या ऐवजी ते सरळ नानासोंच्या शेजारी टेकले, आणि करड्याने भुंकायचीही तसदी न घेता त्यांचं मनगट तोंडात धरलं.

करड्या मेंढरांमागं वाढलेला. धन्याची घोंगडी जिथं पसरली असेल तिथं दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, एवढं एकच काम त्याला लहानपणापासून शिकवलेलं. म्हसवडच्या पलीकडच्या पडीक रानात आठ वर्षं त्याने ते केलं आणि त्याबद्दल पाठीवर थाप मिळवली. साताऱ्यात त्याच कामाचा गुन्हा झाला.

सर भले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केली. पण सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. आठ दिवसांत कुत्रं हलवावं असं पत्र पट्टी बांधलेल्या हाताने तेच घेऊन आले, आणि पत्र देऊन झाल्यावर अंजनाची माफीही मागून गेले. अंजनाला वाटलं, यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

अंजना नानासोंची सून. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. तिचा नवरा तानाजी फौजेतून निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या कारखान्यात सुरक्षा विभागात होता. गेल्या साली नानासोंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तानाजीने मेंढरं विकली, गावच्या घराला कुलूप घातलं आणि बापाला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. करड्याला भावकीत द्यायचं ठरलं होतं. पण ज्यांच्याकडं मेंढरं होती त्यांच्याकडं त्यांची कुत्री होती, आणि त्या कुत्र्यांनी करड्याला पहिल्याच दिवशी फाडलं. मग तोही आला. रात्री जिन्याखाली, दुपारी घोंगडीशेजारी.

पत्र आल्यावर तानाजीने चार ठिकाणी फोन केले. साताऱ्यात कुठं जागा नव्हती. कारखान्यातल्या कुणीतरी सांगलीजवळच्या एका निवाऱ्याचा नंबर दिला. तिथल्या बाईंनी फोनवरच सांगितलं की घरातली कुत्री आम्ही घेत नाही. लोक कंटाळले की आणून टाकतात, कितीजणांची घ्यायची? रस्त्यावरचं बेवारस असेल तर आणा.

तानाजीने फोन ठेवला आणि म्हणाला, "मग बेवारस हाय म्हणून सांगू. पट्टा काढला की झालं बेवारस."

नानासोंना यातलं काहीच सांगितलं नाही. चांगली जागा आहे, डॉक्टर आहे, खायला वेळेवर मिळतं, असं सांगितलं. मग ते तानाजीकडं न बघता अंजनाला म्हणाले, "पोरी, कागद तू लिवणार न्हवं?"

"हो मामा."

"मग माझं नाव घाल. नानासो धुळा, म्हसवडकडचा. कुत्र्याला धनी हाय, तेवढं कागदावर राहू दे. मला कवातरी बघाय जायाचं झालं तर नाव पायजे."

घालते, असं अंजना म्हणाली. हे बोलताना तिला ते खरंच करायचं होतं, हे नंतर तिला फार वेळा आठवलं.

मित्राची गाडी मागून ते दोघं करड्याला घेऊन निघाले. नानासोंना यायचं होतं, पण गाडीत एवढा वेळ बसणं त्यांच्या खुब्याला झेपलं नसतं. सांगलीच्या अलीकडे माधवनगरला चहाला थांबले, तेव्हा अंजनाने करड्याला खाली उतरवलं. समोर एक बंद पडलेली गिरणी होती. गेटाजवळच्या लिंबाला त्याने पाय वर केला, आणि तिथंच तानाजीने त्याच्या गळ्यातला पट्टा सोडून खिशात घातला.

निवाऱ्यात टेबलामागं सोनिया नावाची मुलगी होती. तिने छापील फॉर्म पुढं सरकवला. पाळीव की बेवारस, यातल्या एकावर खूण करायची. खाली मालकाचं नाव. त्याच्या खाली सापडल्याचे ठिकाण. अंजनाने बेवारसवर खूण केली. मालकाच्या नावापुढं एक आडवी रेघ मारली. सापडल्याचे ठिकाण लिहिताना मात्र ती थांबली. नुसतं माधवनगर लिहिलं तर खोटं वाटेल, असं तिला वाटलं. शाळेत मुलांना ती नेहमी सांगायची की निरीक्षण लिहिताना तपशील द्यावा, मोघम लिहू नये. तिने लिहिलं, "माधवनगर, बंद गिरणीचे दक्षिणेकडील गेट, लिंबाच्या झाडाखाली." अक्षर सुरेख आलं.

सोनियाने ते वाचलं, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. करड्या अंजनाच्या चपलेवर हनुवटी ठेवून बसला होता.

"रस्त्यावरचं आहे म्हणता, आणि पायाशी बसलंय."

"वाटेत बिस्कीट घातलं," तानाजी म्हणाला. "लबाड असतात ही."

सोनियाने फक्त पत्ता बरोबर आहे ना, एवढं विचारलं. अंजना हो म्हणाली. आत नेताना करड्याने मागं वळून वगैरे पाहिलं नाही. दोरी ज्याच्या हातात त्याच्यामागं जायचं, असं त्याला ठाऊक होतं.

घरी आल्यावर नानासोंचं रोजचं विचारणं सुरू झालं. फोन केला का? काय म्हणाले? अंजनाने एकदाही फोन केला नव्हता. आपलं खोटं त्या मुलीला कळलंय अशी तिची खात्री होती. ती रोज सांगायची, बरं आहे, खातोय. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात नानासोंनी जेवणातून लक्ष काढलं. अर्धी भाकरी ताटात तशीच राहू लागली. तानाजी म्हणाला, वय झालं. अंजनाने शाळेच्या मधल्या सुट्टीत निवाऱ्याचा नंबर लावला.

फोनवर सोनियाच होती. तिने वही चाळली आणि सरळ आवाजात सांगितलं. नसबंदीचं ऑपरेशन झालं, रेबीजची लस दिली, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं आणि सहाव्या दिवशी सोडलं.

"सोडलं म्हणजे?"

"जिथं सापडलं तिथं. बेवारस कुत्रं जिथून आणलं तिथंच परत सोडायचं असतं, मॅडम. तुम्ही पत्ता इतका नीट लिहिला होता, आमच्या माणसाला अजिबात शोधावं लागलं नाही."

अंजनाने विचारलं, "आणि पाळीव लिहिलं असतं तर?"

"तर आम्ही घेतलंच नसतं," सोनिया म्हणाली. "तुम्हाला दुसरं काहीतरी करावं लागलं असतं."

शनिवारी अंजनाने रजा टाकली. तानाजीला सांगितलं नाही. नानासोंना सांगितलं, करड्याला बघून येते. त्यांचा चेहरा असा उजळला की तिला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी आपल्या ताटातली भाकरी फडक्यात बांधून तिच्या पिशवीत घातली.

बसमध्ये तिने मनाशी सगळं जुळवलं. करड्या तिथं नसेल, हे बहुतेक नक्की. महिना होत आला. आणि असलाच, तर आजूबाजूला कुणी असेल त्याला सांगायचं, की याला धनी आहे, म्हातारा आहे, त्याचं हाड मोडलंय, त्याचं नाव नानासो धुळा. एखादं दावं, एखादी जागा मिळते का बघायचं. निदान नाव तरी सांगायचं. तिने ती वाक्यं पुन्हापुन्हा घोकली.

करड्या तिथंच होता. गिरणीच्या गेटाशी, लिंबाखाली, एका भज्यांच्या गाड्याला टेकून. डाव्या कानाचं टोक नव्हतं आणि बरगड्या मोजता येत होत्या, पण अंगावर जखम नव्हती. गळ्यात लाल नाडी बांधलेली. अंजनाला पाहून तो उठला, आवाज न करता आला आणि तिच्या गुडघ्यांना अंग लावून उभा राहिला. शेपटीही हलवली नाही. नुसता उभा.

"ये फौजदार, सर मागं," गाड्यामागची बाई ओरडली. "गिऱ्हाइकाला तरास देऊ नगंस. बसा ताई. चावत न्हाई ते. म्हंजे माझ्या पोत्यावर बसला न्हाई तर चावत न्हाई."

बाईचं नाव बनाबाई. विचारायच्या आत ती सगळं सांगत सुटली. गाडीतून आणून सोडलं होतं कुत्रं. दोन दिवस पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही, येईल त्या गाडीकडं बघत बसायचं. तिसऱ्या दिवशी तिने कांद्याचं पोतं जमिनीवर अंथरलं, तर येऊन त्याच्या कडेला बसलं आणि तेव्हापासून तिथून हललं नाही. परवा तिचा नवरा पिऊन आला होता, गल्ल्याला हात घालायला, तर त्याला गाड्याच्या जवळ येऊ दिलं नाही.

"फौजदार म्हणून नाव ठिवलं त्येचं. घरात एक तरी कामाचा पायजे का नगं?"

मग तिने भजी सोडता सोडता करड्याला टाकणाऱ्यांचा उद्धार सुरू केला. एवढं शिकवलेलं जनावर टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचं काय व्हावं, ते तिने तपशिलात सांगितलं. अंजना ऐकत राहिली. मध्ये कुठंतरी तिच्या तोंडून निघालं, "असतात काही लोक तसे."

बनाबाईने झारा कढईच्या काठावर ठेवला. तिने आधी करड्याकडं पाहिलं, मग अंजनाकडं.

"ताई, हे तुमाला वळखतंय. कुणाच्या आंगाला लागत न्हाई ते."

अंजनाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमचं असंल तर घिऊन जावा. मी आडवायची न्हाई. चुकून हरवलं आसंल, आसं म्हणीन आन् गप बशीन. तुमचं हाय का?"

करड्याचं नाक अंजनाच्या पिशवीला लागलं होतं. घेऊन जायचं तर कुठं? तिसऱ्या मजल्यावर? निवाऱ्यात? कान कापलेलं कुत्रं ते दुसऱ्यांदा घेणार नाहीत. पण नाव सांगायला तर काही जागा लागत नव्हती. ते एक वाक्य साताऱ्यापासून तिच्या तोंडात तयार होतं. ते सांगितलं की आत्ता ऐकलेल्या सगळ्या शिव्या आपल्या नावावर होणार, एवढीच काय ती अडचण होती.

"नाही हो," ती म्हणाली. "पिशवीत भाकरी आहे, वासाने आलं असेल."

तिने फडकं सोडून भाकरी करड्यापुढं ठेवली. त्याने हुंगली, उचलली, पोत्यापाशी नेली आणि तिथं बसून खाल्ली. अंजनाने न मागता बनाबाईने भजी कागदात बांधून दिली, आणि सुट्टे पैसे परत करताना ते तिच्या हातात न देता गाड्याच्या फळीवर ठेवले.

संध्याकाळी नानासो गॅलरीत वाट बघत बसले होते. त्यांनी मेंढपाळासारखे प्रश्न विचारले. नाक वलं होतं का? मागच्या पायावर भार देतो का? खाताना गिळतो का चावतो? अंजनाने प्रत्येकाचं नेमकं उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. थोडा वाळलाय, पण जखम नाही. भाकरी खाल्ली, चावून खाल्ली. बघणारी बाई चांगली आहे, जिवापाड सांभाळते. बनाबाई म्हणून.

"बनाबाई," नानासोंनी नाव घोळवलं. "आन् माझं नाव ठावं हाय का तिला?"

अंजना चपला काढत होती. "आहे," ती वर न बघता म्हणाली. "सांगितलंय."

म्हातारा हसला. कितीतरी दिवसांनी. त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर कालवण मागून घेतलं. तानाजी कामावरून आला, बापाकडून करड्याची खुशाली ऐकून आणि ताटाकडं बघून खूश झाला. "बघ," तो अंजनाला म्हणाला, "म्हणत होतो ना, चांगली जागा हाय. उगंच जिवाला लावून घेत हुतीस."

नानासोंनी हात धुतला आणि तिथूनच सांगितलं, "तानाजी, येत्या ऐतवारी तुझ्या मैतराची गाडी सांग. खुबा दुखला तर दुखू दे. नाव दिलंय, वळख दिलीया, आता बाई मला न्हाई म्हनायची न्हाई." मग ते सुनेकडं वळले. "पोरी, माझा फेटा धुऊन ठेव. तिथं चार मानसं असतील, धनी म्हणून जायाचं तर नीट जावं."

तानाजीने मान हलवली. जाऊ की, म्हणाला. अंजनाने फेटा खुंटीवरून काढला आणि साबणाच्या पाण्यात भिजत घातला.