अर्धे डॉक्टर

कोलिस्टिन हे जंतूंवरचं इंजेक्शन संपलंय म्हटल्यावर वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, त्याऐवजी पॉलिमिक्सिन बी चालेल का? इस्पितळाच्या औषधखिडकीत उभी हयात घालवलेल्या फार्मासिस्टने पापणीही लववली नाही. "चालेल की. सख्खी भावंडंच ती. उलट हे किडनीला जरा सौम्य," असं ठोकून दिलं. पेशंट त्याचाच साडू. सासरच्या मंडळींत 'आमचे अर्धे डॉक्टर' म्हणून मिरवायची भारी हौस, मग ही संधी कोण सोडतो?

बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. रक्तातल्या जंतूंवर ही अदलाबदल चाललेली त्याने पाहिली होती. पण साडूचे जंतू होते लघवीच्या मार्गात. कोलिस्टिन लघवीत उतरतं आणि तिथल्या जंतूंना गाठतं. दुसरं भावंड तिकडे जवळपास फिरकतच नाही. शिकताना हे घोकलं होतं, ऐन वेळी साफ विसरला.

ताप हटेना. मोठ्या डॉक्टरांनी राऊंडला विचारलं, औषध बदललं कोणी? डॉक्टरीणबाई मान खाली घालून "मी" म्हणाल्या. त्याचं नाव घेतलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग धावत सुटला आणि दुसऱ्या इस्पितळातून कोलिस्टिन घेऊन आला. तोवर जंतू रक्तात पसरले होते, किडनीही मंदावली होती. वाचतील की नाही, कोणीच सांगेना.

साडूची बायको, म्हणजे त्याची थोरली मेव्हणी, येईल त्याला सांगत होती की त्या पोरीने घोळ घातला, आमच्या भावोजींनी निस्तरला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र त्याला ते सोसेना. लाजेने कान तापले होते.

"ताई, त्या पोरीला बोल लावू नका. मीच सांगितलं होतं तिला, चालेल म्हणून. नको तिथे शहाणपणा केला मी."

ताईंनी आतल्या खाटेकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे त्यांना तुम्हीच सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही जमायचं."

तो खाटेजवळ गेला. साडूने डोळे किलकिले केले, हात पुढे केला.

"आलास ना? मग मला काळजी नाही."

कबुली राहिली बाजूला; फार्मासिस्टने तो तापलेला हात दोन्ही हातांत घेतला.